एका दहा अंकी संख्येची कुंडली कशी मांडावी

संगणकाच्या कळफलकावरील वरच्या ओळीतल्या अंकांच्या कळा डावीकडून उजवीकडे एकेक करून दाबत गेले की १२३४५६७८९० ही संख्या उमटते. नमुना म्हणून एखादा मोठा आकडा टाकायचा झाला, तर बहुतेकांची बोटे याच आकड्याकडे वळतात. १९७० च्या आरंभापासून सेकंद मोजत आलेल्या युनिक्स घड्याळात हा आकडा १३ फेब्रुवारी २००९ रोजी, जागतिक प्रमाणवेळेनुसार २३ वाजून ३१ मिनिटे ३० सेकंदांनी, येऊन गेला. इतक्या ओळखीच्या संख्येच्या पोटात काय दडले आहे हे मात्र फारसे कोणी तपासलेले नसते. या लेखात तीच संख्या हाती घेऊन मोठ्या संख्येचे गुणधर्म कागद, पेन्सिल आणि साधा गणकयंत्र एवढ्याच सामग्रीवर कसे काढायचे ते दाखवले आहे. कुंडली हा शब्द येथे गमतीने वापरला आहे. अंकांवरून भविष्य सांगणाऱ्या विद्येशी या मजकुराचा काही संबंध नाही.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की करून घ्यावी. विभाजक किती, त्यांची बेरीज किती, संख्येशी सहमूळ असणाऱ्या, म्हणजे तिच्यासह १ हाच मसावि असलेल्या, संख्या किती, ती वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येते की नाही, तिच्या व्यस्ताचा, म्हणजे १ ला तिने भागून येणाऱ्या संख्येचा, आवर्ती दशांश किती लांबीचा, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे संख्येचे मूळ अवयव हाती आले की काही ओळींत मिळतात, आणि मूळ अवयव हाती नसतील तर त्यांतील एकाही प्रश्नाला धड हात घालता येत नाही. म्हणून वेळ खर्चायचा तो अवयव पाडण्यावरच.

फुकटात मिळणारे अवयव

संख्या प्रथम नीट वाचावी. १,२३,४५,६७,८९० म्हणजे एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे नव्वद. तिचे वर्गमूळ ३५,१३६ च्या किंचित पुढे आहे. कोणत्याही संयुक्त संख्येला तिच्या वर्गमूळाएवढा किंवा त्याहून लहान असा निदान एक मूळ अवयव असतोच. त्यामुळे अगदी आडदांडपणे भाग देत बसलो तरी ३५,१३६ च्या पुढे जाण्याची गरज नाही. पण तेवढेही जायचे नाही, कारण अंकांकडे नुसते पाहून बरेच काम होते.

शेवटचा अंक ० आहे, म्हणजे २ आणि ५ हे अवयव मिळाले. शेवटच्या दोन अंकांच्या ९० या संख्येला ४ नेही निःशेष भाग जात नाही आणि २५ नेही जात नाही. म्हणून २ आणि ५ या दोघांचाही घातांक १ च आहे. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो. (दहाही अंक एकेकदा वापरून केलेल्या कोणत्याही संख्येला ९ ने भाग जाणारच, अंकांचा क्रम काहीही असो.) ९० ने भागल्यावर १,३७,१७,४२१ उरतात, त्यांच्या अंकांची बेरीज २६ आहे, आणि २६ ला ३ ने भाग जात नाही, म्हणजे ३ चा घातांक नेमका २. घातांक येथेच निश्चित करून टाकण्याची सवय लावून घ्यावी, कारण पुढची सगळी सूत्रे घातांकांवर चालतात आणि ३ चा घातांक चुकून १ धरला तर अखेरपर्यंत एकही उत्तर बरोबर येत नाही.

जाता जाता एक गुणधर्म पदरात पडला. गणिती द. रा. कापरेकरांनी जिला हर्षद संख्या म्हटले, म्हणजे जिला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो अशी संख्या, तीत आपली संख्या बसते: ४५ ने भागल्यास २,७४,३४,८४२ हा भागाकार येतो आणि बाकी उरत नाही.

उरलेल्या १,३७,१७,४२१ या संख्येला आपण गाभा म्हणू. गाभ्याचे वर्गमूळ ३७०३ आणि ३७०४ यांच्या दरम्यान आहे. शोधाची हद्द ३५,१३६ वरून ३७०३ वर आली, आणि तीही तीन सोप्या भागाकारांत. मिळालेला अवयव लगेच बाहेर काढून हद्द नव्याने ठरवावी. मूळच्या आकड्यावरच भाग देत राहणे म्हणजे ओझे खांद्यावर ठेवूनच ते मोजत बसणे होय.

आता ७, ११ आणि १३ हे तिघे एकदम तपासता येतात, कारण त्यांचा गुणाकार १००१ आहे. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावेत आणि गटांची आळीपाळीने वजाबाकी-बेरीज करावी. येथे आपल्या स्वल्पविरामांच्या पद्धतीमुळे हमखास गफलत होते. आपण हजारांनंतर दोन-दोन अंकांवर स्वल्पविराम देतो, आणि या कसोटीला मात्र सर्वत्र तीन-तीनच अंक लागतात. म्हणून गट १, ३७, १७, ४२१ असे न घेता १३, ७१७, ४२१ असे घ्यावेत. ४२१ मधून ७१७ वजा करून १३ मिळवले की उणे २८३ येतात. २८३ ला ७ ने भागल्यास ३ उरतात, ११ ने भागल्यास ८ आणि १३ ने भागल्यास १०. तिघेही बाद. हेच गट नुसते मिळवले तर ११५१ येतात, आणि ९९९ ला ३७ ने भाग जात असल्यामुळे ३७ ची परीक्षा या बेरजेवर होते: ३७ एकतिसे ११४७, बाकी ४. तोही बाद.

यानंतर १७ पासून ९७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी सरळ भाग देऊन पाहावा. एकानेही भाग जात नाही. येथे थांबून विचार करणे इष्ट. असेच पुढे जात राहिलो असतो तर पहिला अवयव ५०४ व्या मूळ संख्येला सापडला असता. संगणकाला हे काम चुटकीसरशी होते, माणसाला मात्र त्यात एक अख्खा दिवस घालवावा लागतो.

गाभा मूळ आहे की संयुक्त

अवयव शोधण्यापूर्वी अवयव आहेत की नाहीत याची खात्री करून घ्यावी. फर्माने १६४० मध्ये एका पत्रात मांडलेला नियम या कामी येतो: संख्या मूळ असेल आणि ती २ नसेल, तर २ चा तिच्याहून एकने लहान असा घात करून त्याला त्याच संख्येने भागल्यास बाकी १ च उरते. गाभ्यासाठी २ चा १,३७,१७,४२० वा घात घ्यावा लागेल, आणि हे ऐकायला भयंकर वाटले तरी प्रत्यक्षात तसे नाही. प्रत्येक पायरीवर वर्ग करायचा, लगेच गाभ्याने भागून बाकी ठेवायची, आणि घातांकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरून लिहिलेल्या) रूपात १ आला तिथे २ ने गुणायचे. घातांक द्विमान पद्धतीत २४ अंकी असल्यामुळे एकूण २३ वेळा वर्ग केले की काम झाले. बाकी १ येत नाही. म्हणून गाभा संयुक्त आहे. कोणता अवयव आहे याची तसूभरही कल्पना न येता अवयव आहेत एवढेच ठामपणे कळणे, हा संख्या-सिद्धांतातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा प्रकार आहे.

ही कसोटी एकाच बाजूने निर्णायक आहे हे विसरू नये. बाकी १ आली नाही तर संख्या निश्चित संयुक्त. बाकी १ आली तर मात्र ती मूळ असेलच असे नाही. ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१, तरीही २ चा ३४० वा घात ३४१ ने भागल्यास बाकी १ च उरते. आणि ५६१ तर असा बिलंदर आहे की २ च्या जागी त्याच्याशी सहमूळ असलेला कोणताही पाया घेतला तरी तो या परीक्षेत उत्तीर्ण होतो. म्हणून व्यवहारात मिलर-राबिन ही अधिक कडक कसोटी वापरतात. कोणतीही शक्यता गृहीत न धरता आणि अंकांच्या संख्येच्या मानाने माफक वेळात मूळपणाचा निकाल देणारी रीत २००२ मध्ये अगरवाल, कयाल आणि सक्सेना यांनी दिली. पण दहा अंकी संख्येसाठी तिची गरज नाही.

गाभा फोडणे

आता फर्माचीच दुसरी युक्ती वापरू. कोणतीही विषम संयुक्त संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात लिहिता येते, कारण तिचे दोन्ही अवयव विषम असल्याने त्यांची सरासरी पूर्ण संख्या असते. सरासरीला क म्हणू आणि अवयवांतल्या फरकाच्या निम्म्याला ख म्हणू. मग क च्या वर्गातून ख चा वर्ग वजा केला की संख्या मिळते, आणि अवयव म्हणजे क वजा ख आणि क अधिक ख. म्हणून वर्गमूळाच्या लगतच्या मोठ्या पूर्ण संख्येपासून क घेत जायचे, त्याच्या वर्गातून गाभा वजा करायचा, आणि उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचे.

क = ३७०४ घेतल्यास वर्ग १,३७,१९,६१६ येतो. त्यातून गाभा वजा जाता २१९५ उरतात. ५ ने संपणाऱ्या पूर्ण वर्गाचा शेवट २५ नेच होतो. २१९५ चा शेवट ९५ आहे, म्हणून हा वर्ग नाही. पुढच्या क साठी पुन्हा मोठा वर्ग करण्याचे कारण नाही: ३७०४ ची दुप्पट अधिक १, म्हणजे ७४०९, आधीच्या बाकीत मिळवले की झाले. २१९५ अधिक ७४०९ म्हणजे ९६०४. हा ९८ चा वर्ग आहे. म्हणून क ३७०५ आणि ख ९८. अवयव ३६०७ आणि ३८०३.

दोन प्रयत्नांत उत्तर आले हे नशीब वाटेल, पण खरे तर पहिला प्रयत्नही टाळता आला असता. गाभ्याला ४ ने भागल्यास १ उरतो. वर्गाला ४ ने भागल्यास ० किंवा १ च उरतो, तेव्हा वजाबाकीची बाकी १ येण्यासाठी क विषम आणि ख सम असलाच पाहिजे. शिवाय गाभ्याला ३ ने भागल्यास २ उरतात, आणि वर्गांच्या बाक्या येथेही ० किंवा १ च असल्याने क ला ३ ने भाग गेलाच पाहिजे. म्हणजे क हा ३ चा विषम पटीतला आकडा हवा; ३७०३ च्या पुढे असा पहिला आकडाच ३७०५ आहे. मोठ्या संख्येवर काम करताना अशा चाळण्यांनी सहापैकी पाच उमेदवार न मोजताच बाद होतात.

फर्माने स्वतः १६४३ च्या सुमारास याच रीतीने २,०२,७६,५१,२८१ ही संख्या ४४,०२१ आणि ४६,०६१ अशी फोडून दाखवली होती. वर्गमूळालगतच्या ४५,०३० पासून निघाल्यास बाराव्या प्रयत्नाला ४५,०४१ येतो, आणि त्याच्या वर्गातून संख्या वजा केली की १०२० चा वर्ग उरतो.

ही युक्ती कधी वापरू नये हेही सांगितले पाहिजे. दोन अवयव एकमेकांजवळ असतील तरच ती वेगाने चालते. २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४२९४९६७२९७, ही संख्या ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ आणि ६७००४१७ अशी फोडली. या संख्येवर वरची रीत चालवली तर बत्तीस लाखांहून अधिक प्रयत्न करावे लागतात, आणि साध्या भागाकाराने मात्र ११६ व्या मूळ संख्येलाच अवयव हाती लागतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी लहान मूळ संख्यांनी भागणे, मग थोडे प्रयत्न फर्माच्या रीतीने, आणि तरीही संख्या फुटली नाही तर संगणकावरील प्रगत रीती.

त्या रीतींनाही मर्यादा आहेतच. २ चा ६७ वा घात वजा १ ही २१ अंकी संख्या संयुक्त आहे हे ल्युकाने १८७६ मध्ये दाखवले, पण तिचे १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे अवयव कोलने मांडले ते १९०३ मध्ये. आरएसए-२५० ही २५० अंकी संख्या अनेक संगणक एकत्र जुंपून २०२० च्या फेब्रुवारीत फोडली गेली. संख्या संयुक्त आहे हे कळणे आणि तिचे अवयव कळणे यांत किती अंतर आहे, त्याचे हे दोन दाखले.

फोड पक्की करणे

३६०७ आणि ३८०३ मूळ आहेत हे सिद्ध केल्याशिवाय फोड पुरी झाली असे म्हणता येत नाही. ३६०७ चे वर्गमूळ ६० च्या किंचित वर आहे, म्हणून ५९ पर्यंतच्या १७ मूळ संख्या पुरतात. ३८०३ साठी त्यांत ६१ ची भर पडते. लहानांचा निकाल लगेच लागतो. ३६०७ ला ५३ ने भागल्यास ३ उरतात. ५९ साठी तर ६० च्या वर्गाचा आधार घेता येतो: ३५९९ म्हणजे ५९ गुणिले ६१, म्हणून ३६०७ ला ५९ ने भागल्यास बाकी ८. ३८०३ ला ५९ ने भागल्यास २७ आणि ६१ ने भागल्यास २१ उरतात. मधल्या संख्यांचे भागाकार वाचकाने स्वतः करून पाहावेत. पाच मिनिटांचे काम आहे आणि हात बसतो. दोन्ही संख्या मूळ ठरतात.

मग गुणाकाराची पडताळणी. ३६०७ च्या अंकांची बेरीज करत एक अंक उरेपर्यंत गेल्यास ७ येतात, ३८०३ चे ५. सात पाचे पस्तीस, म्हणजे ८. गाभ्याची बेरीज २६, म्हणजे ८. जुळले. परंतु अंकांची अदलाबदल झाली तर नवांची ही कसोटी ती चूक पकडत नाही, म्हणून अकराचीही कसोटी घ्यावी: ३६०७ ला ११ ने भागल्यास १०, ३८०३ ला ८, गुणाकार ८०, त्याची बाकी ३, आणि गाभ्याचीही बाकी ३. अशा रीतीने

१२३४५६७८९० = २ × ३ × ३ × ५ × ३६०७ × ३८०३

ही फोड पक्की झाली.

विभाजक, त्यांची बेरीज आणि सहमूळ संख्या

प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार केला की विभाजकांची संख्या मिळते: २ × ३ × २ × २ × २ = ४८. त्यांच्या २४ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचा गुणाकार आपली संख्या असतो. वर्गमूळाच्या सर्वांत जवळची जोडी हवी असल्यास ९० ची ९ आणि १० अशी वाटणी करून लहान गुणक मोठ्या मूळ अवयवाला द्यावा: ३८०३ × ९ = ३४,२२७ आणि ३६०७ × १० = ३६,०७०.

सर्व विभाजकांची बेरीज काढताना प्रत्येक मूळ अवयवाच्या १ पासूनच्या घातांची बेरीज घेऊन गुणाकार करायचा असतो. २ साठी ३, ३ साठी १ + ३ + ९ म्हणजे १३, ५ साठी ६, आणि पुढे ३६०८ व ३८०४. पहिल्या तिघांचा गुणाकार २३४, आणि एकूण ३,२१,१६,१०,६८८. त्यातून संख्या स्वतः वजा केल्यास १,९७,७०,४२,७९८ उरतात. ही बेरीज संख्येहून मोठी असल्याने आपली संख्या विपुल ठरते. हे न मोजताही सांगता आले असते, कारण ९० ही विपुल संख्या आहे आणि विपुल संख्येची प्रत्येक पट विपुलच असते.

संख्येशी सहमूळ असलेल्या संख्यांची मोजदाद ऑयलरच्या फाय फलनाने होते. प्रत्येक मूळ अवयवासाठी त्याहून एकने कमी असलेली संख्या घ्यायची, आणि घातांक १ हून मोठा असेल तर उरलेले घात तसेच गुणायचे: १ × (२ × ३) × ४ × ३६०६ × ३८०२ = ३२,९०,४०,२८८. म्हणजे एकपासून आपल्या संख्येपर्यंतच्या दर शंभर संख्यांत सरासरी २७ च्या आसपास सहमूळ निघतात. ९० साठी हे प्रमाण २४ भागिले ९०, म्हणजे जवळजवळ तेवढेच. लहान मूळ अवयवच प्रमाण ठरवतात. ३६०७ आणि ३८०३ यांनी त्यात केवळ चौथ्या दशांश स्थळी फरक पडतो.  

वर्गांच्या रूपात

गाभा दोन वर्गांची वजाबाकी आहे हे आपण पाहिले. मग संपूर्ण संख्या तशी लिहिता येईल का? नाही. तिला ४ ने भागल्यास २ उरतात, आणि दोन वर्गांच्या वजाबाकीची बाकी ०, १ किंवा ३ असते, २ कधीच नसते. मी प्रथम ही संख्या हाती घेतली तेव्हा २ चा अवयव बाहेर न काढताच तिच्यावर फर्माची रीत चालवायला बसलो होतो, आणि दोन पाने भरल्यावर लक्षात आले की आयुष्यभर बसलो तरी पूर्ण वर्ग येणार नव्हता.

दोन वर्गांच्या बेरजेसाठी नियम वेगळा आहे. ४ ने भागल्यास ३ उरणाऱ्या प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम असला पाहिजे. ३ चा घातांक २ असल्याने तो अडवत नाही. परंतु ३६०७ आणि ३८०३ या दोघांनाही ४ ने भागल्यास ३ च उरतात आणि दोघांचे घातांक १ आहेत. म्हणून दोन वर्गांची बेरीजही अशक्य. हे केवळ संख्येच्या बाकीवरून कळले नसते, कारण १० लाही ४ ने भागल्यास २ च उरतात आणि १० म्हणजे ९ अधिक १.

तीन वर्ग मात्र चालतात. लजांद्रने १७९८ मध्ये दिलेल्या प्रमेयानुसार, ८ ने भागल्यास ७ उरणारी संख्या किंवा तिला ४ च्या घाताने गुणून मिळणारी संख्या, एवढ्याच संख्या तीन वर्गांच्या बेरजेत बसत नाहीत. आपल्या संख्येला ८ ने भागल्यास २ उरतात. प्रमेय तीन वर्ग आहेत एवढेच सांगते, ते शोधायचे आपणच. पहिला वर्ग शक्य तितका मोठा घ्यावा आणि उरलेली लहान संख्या दोन वर्गांच्या नियमाने तपासावी. ३५,१३६ चा वर्ग वजा केल्यास २९,३९४ उरतात आणि त्यांत २३ हा अडवणारा अवयव आहे. ३५,१३५ ला ३१ आडवा येतो. ३५,१३४ ला उरणाऱ्या १,६९,९३४ चे निम्मे ८४,९६७, ज्यांना ४ ने भागल्यास ३ उरतात, म्हणून तोही नाही. ३५,१३३ ला २,४०,२०१ उरतात, म्हणजे ९ × १३ × २०५३. आता १३ म्हणजे ३ आणि २ यांच्या वर्गांची बेरीज, आणि २०५३ म्हणजे ४२ आणि १७ यांच्या वर्गांची. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो: ३ × ४२ + २ × १७ = १६०, आणि २ × ४२ − ३ × १७ = ३३. दोघांना ३ ने गुणले की ४८० आणि ९९. म्हणून ३५,१३३, ४८० आणि ९९ यांच्या वर्गांची बेरीज १,२३,४५,६७,८९० होते.

व्यस्ताचा आवर्ती दशांश

१ ला आपल्या संख्येने भागले तर दशांशचिन्हानंतर अंकांचा कोणता गट पुन्हा पुन्हा येतो आणि तो किती लांबीचा असतो? २ आणि ५ यांच्या घातांकांपैकी मोठा घातांक १ आहे, म्हणून पहिला एक अंक आवर्तनाबाहेर राहतो. उरलेल्या भागासाठी, १० चा कितवा घात ९, ३६०७ आणि ३८०३ या तिघांनीही भागल्यास १ उरतो ते शोधायचे. ९ साठी पहिलाच. मूळ अवयवासाठी ती लांबी नेहमी त्याहून एकने लहान असलेल्या संख्येची विभाजक असते.

३८०२ म्हणजे २ × १९०१, आणि १९०१ मूळ आहे. म्हणून उमेदवार १, २, १९०१ आणि ३८०२ एवढेच. १० हा वर्गशेष आहे का, म्हणजे एखाद्या वर्गाला ३८०३ ने भागल्यास १० उरतात का, हे पाहिले की निवाडा होतो, कारण तसे असेल तरच लांबी ३८०२ च्या निम्म्याची विभाजक असते. मूळ संख्येला ८ ने भागल्यास १ किंवा ७ उरत असतील तर २ वर्गशेष असतो, आणि तिचा शेवटचा अंक १ किंवा ९ असेल तर ५ वर्गशेष असतो. ३८०३ साठी दोन्ही नाहीत, आणि दोन नकारांचा गुणाकार होकार. म्हणून १० वर्गशेष आहे आणि लांबी १९०१.

३६०७ साठी २ वर्गशेष आहे आणि ५ नाही, म्हणून १० नाही. ३६०६ म्हणजे २ × ३ × ६०१. वर्गशेष नसल्यामुळे लांबी १८०३ ची विभाजक असू शकत नाही, आणि २, ६, १२०२, ३६०६ एवढेच उमेदवार राहतात. १० च्या दुसऱ्या घाताची बाकी १००, सहाव्याची ८६१. १२०२ व्या घातासाठी पुन्हा वर्गांची शिडी चढावी लागते आणि बाकी १३९९ येते. इतक्या लांब गणितात चूक झाली नाही ना, हे तपासण्याची सोय आहे: या बाकीचा घन १ उरवणारा असला पाहिजे, म्हणजे तिचा वर्ग, ती स्वतः आणि १ यांच्या बेरजेला ३६०७ ने निःशेष भाग गेला पाहिजे. ही बेरीज १९,५८,६०१ येते, आणि ३६०७ × ५४३ नेमके तेवढेच. लांबी ३६०६ ठरली. ३६०६ आणि १९०१ यांचा लसावि ६८,५५,००६, म्हणून आवर्तनाचा गट ६८,५५,००६ अंकांचा.

एवढ्या लांबलचक गटाचा आरंभ मात्र हाताने लिहिता येतो. आपल्या संख्येला ८१ ने गुणल्यास ९९,९९,९९,९९,०९० येतात, म्हणजे दहा हजार कोटींना केवळ ९१० कमी. त्यामुळे व्यस्तात दशांशचिन्हानंतर नऊ शून्ये, मग ८१, सहा शून्ये, मग ८१ ची ९१ पट म्हणजे ७३७१, चार शून्ये, मग पुन्हा ९१ पट म्हणजे ६७०७६१, दोन शून्ये आणि ६१०३९२५१ असे अंक येतात. पुढचा ५५५४५७१८४१ हा गट मधे एकही शून्य न सोडता त्याला चिकटतो, आणि त्याच्या पुढच्या गटापासून ते एकमेकांवर चढू लागल्याने डोळ्यांना दिसणारी ही शिस्त पन्नासाव्या स्थळाच्या आसपास संपते.